वारा पडत आहे

३ फेब्रुवारी

आजही पाटीवर "समुद्रात जाऊ नये" असेच लिहिले. धक्क्यावरच्या लोकांनी ते वाचले आणि कोणी काही बोलले नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

माझे काम थोडक्यात असे. बंदरामागे डोंगर आहे. त्याच्या माथ्यावर एका खोलीत एक म्हातारे गृहस्थ राहतात, त्यांना सगळे वरचे काका म्हणतात. सकाळी ते वायरलेसवरून वाऱ्याचे सांगतात. मी ते बंदराच्या कचेरीत ऐकतो, बॅरोमीटरचा काटा बघतो आणि धक्क्यावरच्या मोठ्या पाटीवर खडूने लिहितो. ते वाचून बोटवाले जायचे की नाही ते ठरवतात. मी हातात खडू घेतला की हटकून कोणीतरी विचारतो, "वरच्याची मर्जी काय म्हणते?" आणि बाकीचे हसतात.

साहेबांनी मला ठेवले ते अक्षर बघून. माझी शाळा नववीत सुटली, पण ऱ्हस्वदीर्घ कधी चुकले नाही. मास्तर म्हणायचे, "बाकी कशाचं सांगता येत नाही, पण शुद्धलेखन तुला तारील."

शाळा सुटली तीही वाऱ्यामुळे. शाळा खिंडीपलीकडे होती. एका सकाळी खिंडीच्या तोंडाशी आमची बस एका बाजूच्या चाकांवर उभी राहिली. पडली नाही. विचार करत असल्यासारखी क्षणभर तशीच राहिली आणि मग परत खाली बसली. त्यानंतर मी बसमध्ये चढलो नाही. बाकीची मुले चढली आणि शिकली.

संध्याकाळी जेवताना दाजी म्हणाले, "काय भागूबाई, उद्या तरी आम्हाला पाण्यात उतरू देणार का? का बादलीतच जाळं टाकू?" ताई हसली. मीही हसलो. मी त्यांच्याकडेच राहतो, त्यामुळे हसावे लागते. पण दाजींची जाळी खिंडीच्या तोंडापलीकडे, डोंगराच्या समुद्रात घुसलेल्या खांद्याखाली पाण्यात अडकून पडली आहेत. त्यातले मासे सडत असणार. हे ते हसत सांगत नाहीत.

५ फेब्रुवारी

साहेबांनी बोलावले. टेबलावर पेपरवेट गोल फिरवत होते. ते फिरायचे थांबेपर्यंत बोलले नाहीत.

"काका काय म्हणाले होते काल?"

"वारा मध्यम, असं."

"आणि तू काय लिहिलंस? 'वारा मध्यम, परंतु ढगांची लक्षणे बरी नाहीत, शक्यतो जाऊ नये.' हे परंतु कुठून आलं?"

मी बोटांवरची खडूची भुकटी पुसली.

"अरे, पाटी आहे ती, तुझी रोजनिशी नाही. लांडगा आला रे आला करून करून एक दिवस खरा लांडगा येईल आणि कोणी ढुंकून बघणार नाही. ऐकलं तेवढं लिही. शुद्ध, छोट्या वाक्यात. तुझ्या पोटातलं लिहू नकोस."

साहेब वाईट नाहीत. त्यांच्याकडे बोटवाले येऊन भांडतात. पण माझ्या पोटात काही असते हे त्यांना कसे कळले, याचे आश्चर्य वाटले. मी चेहऱ्यावर दिसू देत नाही.

७ फेब्रुवारी

हवामान संस्थेतून एक मॅडम आल्या आहेत. हिवाळा संपेपर्यंत इथल्या वाऱ्यांचा अभ्यास करणार आहेत. वयाने ताईएवढ्या. बोलतात भरभर आणि बोलताना हाताशी असेल ती वस्तू वापरतात.

मी त्यांना आमच्याकडची म्हण सांगितली, "डोंगर पाठीशी, मग भीती कशाशी?" उत्तरेला बर्फाचा समुद्र आहे. तिकडची थंडी डोंगर अडवतो म्हणूनच आमचे बंदर गोठत नाही. डोंगरापलीकडे उन्हाळ्यातही पांढरे असते.

"म्हण अर्धी खरी आहे," मॅडम म्हणाल्या. त्यांनी ताटात एक कप पालथा घातला आणि किटलीतले उरलेले चहाचे पाणी ताटाच्या कडेने हळूहळू ओतले. पाणी कपाला वळसा घालून पुढे आले आणि कपामागे चहाची पत्ती गोल गोल फिरू लागली.

"हा कप म्हणजे तुमचा डोंगर. पत्ती फिरतेय तिथे तुम्ही मासे धरता. बर्फावरची हवा जड असते. ती डोंगरामागे धरणातल्या पाण्यासारखी साचत जाते. लोक म्हणतात डोंगर वारा अडवतो. अडवत नाही, साठवतो. आणि धरण भरलं की?"

"खिंडीतून बाहेर येते," मी म्हणालो. मला बस आठवली.

"खिंडीतून घुसते आणि माथ्यावरूनही खाली येते. इकडचा समुद्र त्या हवेच्या मानाने कोमट. कोमट पाण्यावर इतकी गार हवा आली की खालून उकळी फुटल्यासारखं होतं. एका बाजूला खिंडीतला जोर, दुसऱ्या बाजूला डोंगराच्या आडोशाची शांतता. या दोहोंच्या मध्ये हवेला गिरकी बसते. नकाशावर बघितलं तर एवढंसं वादळ, त्यामुळे लांबून कोणाला दिसतच नाही. सकाळी जन्मतं, दुसऱ्या दिवशी मरतं. मधल्या वेळात जे करायचं ते करून जातं."

मी विचारले, "आधी कळतं का?"

"कधीकधी त्याच्या आधी सगळं फार शांत असतं."

मी ताट धुऊन ठेवले. पत्ती गाळणीत काढली. आता शांत दिवसाचीही भीती बाळगायची, म्हणजे मला सुट्टी अशी राहिलीच नाही.

८ फेब्रुवारी

मॅडम काकांना भेटायला माथ्यावर जाऊन आल्या. खुशीत होत्या. म्हणाल्या, "काय माणूस आहे! अगोदर माझ्याशी बोलायलाच तयार नव्हते. ते म्हणायचे वारा सुटला, वारा सुटला. मी म्हटलं, काका, हा वारा सुटत नाही, धबधब्यासारखा वरून पडतो. मग माझ्याकडे वळले. म्हणाले, बाई, इतकी वर्षं इथे बसलोय पण हा शब्द नव्हता मला सुचला. नंतर दिवसभर तोच शब्द घोळवत होते."

मी ऐकत होतो, पण लक्ष त्यांच्या बुटांकडे होते. बुटांवरचा बर्फ वितळून त्याचे पाणी फाइलींच्या कपाटाकडे चालले होते. मी फडके आणले.

९ फेब्रुवारी

पाटीवर: "वारा जोराचा. समुद्रात जाऊ नये." हे काकांचे शब्द होते, माझे नव्हेत. तरीही दाजी ताटावरून लवकर उठले. ताईने मला एकदाच विचारले, "खरंच काका असं म्हणाले का रे?" मी हो म्हणालो. तिने मान हलवली, पण पटले नसल्यासारखी.

१० फेब्रुवारी, सकाळ

कचेरीतच बसून लिहितो आहे, कारण आज मन हलके आहे आणि असे फारसे होत नाही.

सकाळी काकांचा आवाज फार तुटक येत होता. वायरलेसमध्ये नुसती खरखर. मी कान लावून ऐकले.

"वारा... पडतोय. ऐकतोयस का? वारा पडतोय!"

"ऐकतोय, काका."

"तुमच्या बाजूला पडतोय. सांग सगळ्यांना."

"सांगतो."

"नीट सांग, बरं का!"

"नीटच सांगतो, काका," मी म्हणालो. एवढ्यात आवाज गेला.

इतके दिवस वारा उठलेला, आज एकदाचा पडला. "पडतोय" हे बोलण्यात ठीक आहे, पाटीवर शोभत नाही. मी लिहिले:

माथ्यावर वारा पडत आहे.
आपल्या बाजूलाही वारा पडत आहे.

खाली "जाऊ नये" असे काही लिहिले नाही. बॅरोमीटरचा काटा थोडा खाली आहे, परंतु पोटातले लिहायचे नाही असे ठरले आहे. अक्षर आज फार चांगले आले.

धक्क्यावर एकदम गलका झाला. दाजींनी माझ्या पाठीत अशी थाप मारली की खडू हातातून पडला. "आज गडी झालास!" म्हणाले. ताई त्यांचा डबा घेऊन आली होती. तिने माझ्या गळ्याभोवतीचा मफलर नीट केला. दाजी आणि त्यांचे दोन खलाशी आधी निघाले, मागून आणखी दोन बोटी गेल्या.

समुद्र अगदी गुळगुळीत आहे. मी पायरीवर उभा राहून मागे बघितले. माथ्यावरून काहीतरी पांढरे हळूहळू खाली ओघळत होते, दूध उतू जाते तसे. इतक्या वर्षांत डोंगर मला सुंदर असा आजच दिसला.

११ फेब्रुवारी

अजून काही कळलेले नाही.

लिहिणार नव्हतो. पण नुसते बसवत नाही.

काल मी वरचे लिहून वही मिटली आणि मॅडम आत आल्या. डोंगराकडून आल्या होत्या, टोपीबाहेरच्या केसांत बर्फ होता. त्यांनी टोपी काढली नाही. "पाटीवर ते कोणी लिहिलंय?" त्यांनी विचारले.

"मी. काका म्हणाले तेच."

"त्यांचे शब्द सांग. जसेच्या तसे."

"वारा पडतोय."

"आणि?"

"तुमच्या बाजूला पडतोय."

त्यांनी पिशवी खाली ठेवली. त्यांच्या चेहऱ्याकडे बघितले आणि मला समजले. ताट, कप, पत्ती, बुटांचे पाणी, सगळे एकदम समजले. "पडतोय" म्हणजे थांबतोय असे मी ऐकले होते. काका धबधब्याचे सांगत होते.

मॅडमनी वायरलेस घेतला. यावेळी काका स्पष्ट ऐकू आले, ते ओरडतच होते. "सकाळीच सांगितलं ना पडतोय म्हणून! दाराची कडी उडाली माझ्या! कोणी गेलं नाही ना बाहेर?"

मी भोंगा वाजवला. दांड्यावर सगळे अंग टाकले. मागून गेलेल्या दोन बोटी खिंडीच्या अलीकडेच होत्या, त्या वळताना दिसल्या. दाजींची बोट दिसत नव्हती. ते केव्हाच पलीकडे जाळ्यांपाशी पोचले होते. ताई जाळी विणायच्या शेडमधून धावत आली, तिच्या हातात सुई तशीच होती.

दाजी वायरलेसवर आले. "बोल भागूबाई. एवढा भोंगा कशाला?"

"दाजी, लगेच परत..." मी म्हणालो आणि मॅडमनी माझा हात धरला. त्यांनी भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवले. आमचे बंदर, मग खिंडीचे तोंड, मग खांदा आणि खांद्याखाली दाजी. "घरी यायचं तर खिंडीसमोरून यावं लागेल," त्या म्हणाल्या. "सगळा जोर तिथून बाहेर पडणार आहे. मध्येच सापडतील. खांद्याच्या आत, कड्याला चिकटून राहायला सांग. तिथे आडोसा आहे. यायचं नाही."

"नक्की?" मी विचारले.

"नक्की कोणी सांगू शकत नाही. पण मी असते तर आले नसते."

ताई म्हणाली, "त्यांना घरी बोलाव."

मी बटण दाबले. "दाजी, पाटीवर मी चुकीचं लिहिलं. वारा थांबत नाहीये. वरून कोसळतोय. खिंडीतून बाहेर यायला लागलाय. घरी येऊ नका. खांद्याच्या आत शिरा, कड्याजवळ."

थोडा वेळ नुसती खरखर. मग, "अरे, इथे पाणी आरशासारखं आहे."

"म्हणूनच."

"तू घाबरून बोलतोयस का?"

"हो," मी म्हणालो. "घाबरूनच बोलतोय. पण खरं बोलतोय."

"भागूबाई, सकाळी म्हणतोस जा, आता म्हणतोस येऊ नको. तुझी ताई आहे का तिथे? तिला दे."

ताई माझ्या खांद्यावरून वायरलेसकडे वाकली आणि ओरडली, "घरी या! ऐकू नका त्याचं, घरी या!"

त्याआधीच मी बटणावरचा अंगठा उचलला होता. तिचा आवाज त्या खोलीतच राहिला. तिला ते कळले. तिने माझ्या अंगठ्याकडे बघितले, मग माझ्याकडे.

मी पुन्हा बटण दाबले आणि म्हणालो, "ताई म्हणतेय आत शिरा."

हे मी इथे लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठे लिहिणार?

दाजी म्हणाले, "बरं. ती म्हणतेय तर."

मग खिडकी पांढरी झाली. आधी धक्का दिसेनासा झाला, मग पाटी, मग पायरी. आवाज ओळखीचा होता. शाळेच्या बसच्या पत्र्यावर ऐकला होता तोच. दुपारी दाजींचे शेवटचे ऐकू आले, "तुषार उडतायत, सगळा बर्फ चढतोय बोटीवर. मोगऱ्या घेऊन झोडतोय आम्ही." बोटीवर बर्फ फार चढला की वजन वर जाते आणि बोट कलंडते, म्हणून लाकडी मोगऱ्यांनी तो सतत फोडावा लागतो. दोन हात बोटीला धरायला आणि दोन झोडायला, असे चार हात लागतात, असे दाजी म्हणतात. त्यानंतर फक्त खरखर.

ताई भिंतीशी बाकावर बसली आहे. साहेबांनी तिला चहा दिला, तो तसाच गार झाला. माझ्याकडे ती बघत नाही. मॅडम काट्याकडे बघतात आणि वहीत काहीतरी मांडतात. एकदा पुटपुटल्या, "शब्द माझा होता." मी ऐकले नाही असे दाखवले.

मी चुकलो ही भीती आहेच. पण तिच्याहून मोठी भीती ही की दुसऱ्यांदाही चुकलो असेन. घरी बोलावले असते तर कदाचित वेळेत आले असते. हा "कदाचित" मला कालपासून सोडत नाही.

१२ फेब्रुवारी

सापडले. तिघेही जिवंत आहेत.

सकाळी हवा मोकळी झाली आणि साहेब स्वतः बचाव बोटीवर गेले. खांद्याच्या आत, कड्याखालच्या गोट्यांच्या काठावर दाजींची बोट आडवी पडली होती, बर्फाने एवढी जाड झालेली की काठावर पांढरी दरड कोसळली आहे असे आधी त्यांना वाटले. बर्फ हाताबाहेर जातो आहे हे दिसताच दाजींनी तिला मुद्दाम काठावर घातली होती. तिघे कड्याच्या कपारीत एकमेकांना चिकटून बसले होते. वादळ बाहेर समुद्रावर फिरत राहिले, आत त्याची शेपटीच आली, असे मॅडम म्हणाल्या.

बोट गेली. तिचा कणा मोडला आहे. दाजींच्या डाव्या हाताच्या दोन बोटांची टोके काढावी लागतील.

मी धक्क्यावर गेलो नाही. कचेरीच्या खिडकीतून बघितले. ताईने दाजींना दोन्ही हातांनी असे धरले होते की जणू अजून पाण्यातच आहेत.

मी पाटी पुसली. "वारा पडत आहे" ही ओळ अजून तशीच होती. वादळाने एक अक्षरही गेले नव्हते. खडू चांगला होता.

१४ फेब्रुवारी

साहेब अहवाल लिहीत होते. म्हणाले, "माथ्यावरून चुकीची सूचना मिळाली, असं घालतो. म्हाताऱ्याला तसंही आता खाली आणायचंच आहे."

मी म्हणालो, "सूचना बरोबर होती."

"मग चूक कोणाची? तुझी?"

"काकांनी बरोबर सांगितलं. मी बरोबर लिहिलं. वाचणाऱ्यांनी बरोबर वाचलं. तरी बोटी गेल्या."

"हे अहवालात कसं लिहू?"

मी शेवटी म्हणालो, "माझी असं लिहा. काकांनी 'नीट सांग' म्हटलं होतं, मी फक्त नीट लिहिलं."

साहेबांनी बराच वेळ पेपरवेट फिरवला. नंतर काय लिहिले ते दाखवले नाही. पण काकांना खाली आणलेले नाही, आणि मलाही अजून काढलेले नाही. दोन्हीची भीती आहे.

१७ फेब्रुवारी

ताई माझे ताट वाढते. बोलत नाही. मी दुसरी खोली बघतो आहे असे म्हणालो, तेव्हाही फक्त वाढत राहिली.

आज दाजी दवाखान्यातून आले. हाताला मोठे बँडेज. जेवताना डाव्या हाताने पाण्याचा पेला घ्यायला गेले आणि थांबले. मग म्हणाले, "भागूबाई, एक विचारू? त्या दिवशी ताई खरंच म्हणाली होती का आत शिरा म्हणून?"

मी घास ताटात ठेवला. ताई ओट्याकडे तोंड करून उभी होती.

"नाही," मी म्हणालो. "ती म्हणाली घरी या. मी बटण सोडलं होतं."

दाजींनी पेला उजव्या हाताने उचलला आणि पाणी प्यायले. "तेव्हा आम्ही इंजिन सुरू केलेलंच होतं," ते म्हणाले. "घरी यायला. तुझं कोण ऐकणार? पाणी आरशासारखं होतं. तिचा आवाज आला असता तर निघालोच असतो. आणि खिंडीच्या तोंडाशी त्यानंतर काय झालं ते मी कपारीतून बघितलंय. पाणीच नव्हतं तिथे. नुसता पांढरा धूर, आडवा."

ताईने ओटा पुसला. मग तोच पुन्हा पुसला.

२१ फेब्रुवारी

आजपासून पाटी पुन्हा माझ्याकडे; मधले दिवस साहेबच लिहीत होते. साहेब म्हणाले, "एक काम कर. लिहून झालं की धक्क्यावर कोणालाही वाचायला सांग आणि त्याला काय समजलं ते त्याच्या शब्दात विचार. तुझं शुद्ध असू दे, पण त्याला कळू दे."

सकाळी वायरलेस घेतला. दुधाने पोळलेला मी, आता ताकच काय, पाणीही फुंकून पितो.

काका म्हणाले, "आज वारा पडलाय."

मी विचारले, "काका, थांबलाय की कोसळलाय?"

काका हसले, जरा खोकत. "थांबलाय रे बाबा, थांबलाय. माझ्या दिव्याची ज्योतसुद्धा हलत नाहीये."

बाहेर येऊन मी पाटीवर लिहिले, "वारा थांबला आहे." मग पायरीवर उभा राहून माथ्याकडे बघितले. पांढरे काही ओघळत नव्हते. तरी बराच वेळ बघत राहिलो.

धक्क्यावर दाजींच्या खलाशांपैकी एक आणि दुसऱ्या बोटींवरचे लोक होते. कोणाला वाचायला सांगावे हे मला सुचेना. सगळे खाली बघत होते. तेवढ्यात शेडच्या बाजूने ताई आली. पाटीसमोर उभी राहिली आणि एकेक शब्दावर बोट ठेवत तिने वाचले.

"थांबला आहे," ती म्हणाली. इतक्या दिवसांनी माझ्याशी बोललेले पहिले शब्द. "थांबलाय का थांबून बघतोय?"

कोणी हसले नाही. मी आत गेलो आणि वायरलेस पुन्हा लावला.

"अरे भागूबाई," काका वैतागले, "एकदा सांगितलं ना!"

"पुन्हा सांगा, काका," मी म्हणालो. "बर्फाच्या बाजूचंही सांगा. मागे साचतंय का तेही."

माझ्या पाठीमागे दारात ताई उभी होती. ती पुढे आली, माझ्या अंगठ्यावर स्वतःचा अंगठा ठेवून तिने बटण दाबून धरले आणि वाकून म्हणाली, "सांगा, काका. मीही ऐकतेय."